सदोष वस्तू आणि आपला हक्क



दौंडच्या बाजारपेठेतून एकदा सावकाश चक्कर मारा. भांड्यांची दुकाने, विजेच्या सामानाची दुकाने, औषधांची दुकाने, खेळण्यांच्या गाड्या. मोबाइलच्या चार्जरपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळे काही मिळते. यांतील बहुतेक वस्तू आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेल्या नसतात. कुठल्यातरी कारखान्यात त्या बनतात, ट्रकमधून किंवा रेल्वेने येतात आणि दुकानात मांडल्या जातात. आपण पैसे देतो आणि वस्तू घरी आणतो. ती नीट चालेल आणि तिच्यापासून कोणाला इजा होणार नाही, एवढा विश्वास आपण नकळत ठेवलेला असतो.

समजा, तुमच्या अम्मीने ईदच्या आधी नवा प्रेशर कुकर घेतला. चारच दिवसांनी डाळ शिजत असताना त्याचे झाकण उडाले. अम्मीचा हात भाजला आणि तिला दवाखान्यात न्यावे लागले. शेजारपाजारचे लोक भेटायला आले. एक खाला म्हणाल्या, "शुक्र आहे, चेहरा वाचला." दुसऱ्या म्हणाल्या, "नशिबात होते ते झाले. सब्र करा." फुटका कुकर कोणीतरी भंगारवाल्याला देऊन टाकला. विषय तिथेच संपला.

खरे म्हणजे विषय तिथे सुरू व्हायला हवा होता. झाकण का उडाले? जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडलेला होता का? झाकणाची पकड ढिली होती का? की कुकरमध्ये पाणीच घातले नव्हते? या प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय सगळा दोष नशिबाला देणे बरोबर नाही. दुःखात धीर धरणे चांगलेच आहे. पण धीर धरणे वेगळे आणि आपला हक्क सोडून देणे वेगळे. कोणाच्या तरी हयगयीमुळे आपल्याला इजा झाली असेल, तर भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे.

कायदा म्हटले की भाषा अवघड असणार, असे तुम्हांला वाटेल. घाबरू नका. कायदा, हक्क, दावा, वकील, अर्ज, नुकसान, मुदत, रक्कम, जबाबदारी हे सगळे मराठी शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. फारसी आणि अरबीतून आलेले हे शब्द मराठीत कित्येक शतके नांदत आहेत. एक फरक मात्र लक्षात ठेवा. उर्दूत 'कायदा' म्हणजे नियम किंवा अक्षरओळखीचे पहिले पुस्तक. उर्दूत ज्याला 'कानून' म्हणतात, त्याला मराठीत 'कायदा' म्हणतात.

आता दोन नवे शब्द शिकू. पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. विकत घेणाऱ्याच्या परवानगीने ती वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. म्हणजे कुकर अब्बांनी विकत घेतला आणि हात अम्मीचा भाजला, तरी अम्मीला तक्रार करता येते. दुसरा शब्द सदोष. वस्तूचा दर्जा, शुद्धता, प्रमाण किंवा गुणवत्ता यांत उणीव असेल, तर ती वस्तू सदोष असते.

इजा करणारा दोष साधारणपणे तीन प्रकारचा असतो. पहिला, रचनेतील दोष. एखाद्या खेळण्याचा आराखडाच असा असतो की त्याचा छोटा भाग सहज निघतो आणि लहान मूल तो गिळू शकते. अशी सगळीच खेळणी धोक्याची ठरतात. दुसरा, वस्तू तयार करताना राहिलेला दोष. आराखडा चांगला असतो, पण एखाद्या इस्त्रीतील तार नीट बसवलेली नसते आणि तिच्या पत्र्याला वीज लागते. तिसरा, सूचनेतील दोष. वस्तू चांगली असते, पण ती कशी वापरावी आणि काय करू नये, हे सांगितलेलेच नसते. कीटकनाशकाच्या डब्यावर धोक्याची सूचना नसेल, तर शेतकऱ्याने सावध कसे व्हावे?

आज हे सगळे साधे वाटते. पण वस्तू बनवणारा आपल्याला जबाबदार आहे, ही गोष्ट न्यायालयांनी मान्य करायला फार काळ लागला. त्याची एक प्रसिद्ध हकिकत आहे. ऑगस्ट १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावी एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर एका उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आल्याच्या पेयाची बाटली मागवली. बाटली गडद रंगाच्या काचेची होती, त्यामुळे आतले दिसत नव्हते. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्या बाईचे म्हणणे होते. ती आजारी पडली.

आता दावा कोणावर करायचा? बाटली तिने विकत घेतलीच नव्हती. पैसे मैत्रिणीने दिले होते. ज्याच्याशी खरेदीचा व्यवहार झालेला नाही, त्याच्याकडे सहसा भरपाई मागता येत नाही, अशी त्या काळची समजूत होती. तरीही तिने पेय बनवणाऱ्या कारखानदारावर दावा लावला. खटला ब्रिटनच्या 'हाउस ऑफ लॉर्ड्स' या सर्वोच्च पीठापुढे गेला. १९३२ साली पाचपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड ॲटकिन या न्यायाधीशांनी सांगितले, की आपल्या कामामुळे ज्याला इजा होऊ शकते, तो माणूस कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी आहे, आणि शेजाऱ्याला इजा होणार नाही याची काळजी घेणे आपले कर्तव्य आहे. शेजाऱ्याचा हक्क ही गोष्ट तुम्ही घरी लहानपणापासून ऐकत आला आहात. बाटली भरणारा आणि ती पिणारा एकमेकांना ओळखत नसले, तरी या अर्थाने ते शेजारीच ठरले. भारतातील न्यायालयांनीही पुढे हे तत्त्व मान्य केले.

आपल्या महाराष्ट्रातील एक घटना याहून फार दुःखद आहे. १९८६ सालच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरॉल हे औषध देण्यात आले. हे रुग्ण निरनिराळ्या आजारांसाठी दाखल झाले होते. पण औषध घेतल्यावर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरले जाणारे विषारी रसायन होते. ते रंगाने आणि चवीने ग्लिसरॉलसारखेच असते, म्हणून नुसते पाहून फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

या मृत्यूंच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. औषध पुरवणारे, रुग्णालयासाठी ते खरेदी करणारे आणि औषधांवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते, या सर्वांच्या चुका आयोगाने उघड केल्या. यातून एक गोष्ट ध्यानात येते. वस्तू आपल्या हाती येईपर्यंत अनेक हातांतून जाते. त्यांतील एकाने जरी तपासणी नीट केली, तरी माणसांचे प्राण वाचू शकतात.

हे विष अजून इतिहासजमा झालेले नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात हेच रसायन सापडले. ते औषध घेतलेली अनेक लहान मुले दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. म्हणून औषधाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि मुदत नेहमी पाहावी आणि औषध संपेपर्यंत बाटली व पावती टाकू नये. कोणत्या कारखान्यात, कोणत्या खेपेला ते औषध तयार झाले, हे बॅच क्रमांकावरून शोधता येते.

ग्राहकांनी संघटित व्हावे, हा विचार आपल्या पुणे जिल्ह्यात लवकर रुजला. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच २४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्या कायद्याची जागा नंतर २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल त्यात एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

या प्रकरणानुसार सर्वांत मोठी जबाबदारी उत्पादकाची, म्हणजे वस्तू बनवणाऱ्याची असते. वस्तूत तयार करताना दोष राहिला असेल, तिची रचना सदोष असेल, ती ठरलेल्या मापदंडाप्रमाणे नसेल किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर उत्पादकाला भरपाई द्यावी लागते. दुकानदार प्रत्येक वेळी जबाबदार नसतो. पण त्याने वस्तूत फेरफार केला असेल, स्वतःच्या शब्दावर वेगळी हमी दिली असेल, धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवली नसेल किंवा वस्तू कोणी बनवली हे कळतच नसेल, तर त्यालाही उत्तर द्यावे लागते. नाव नसलेली स्वस्त वस्तू विकताना दुकानदारानेही म्हणूनच दहादा विचार करावा. चुकीच्या दुरुस्तीमुळे इजा झाली, तर दुरुस्ती करणाराही जबाबदार ठरू शकतो.

इजा म्हणजे केवळ जखम नव्हे. मृत्यू, आजार, दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान आणि इजेमुळे झालेला मनस्ताप यांचीही भरपाई मागता येते. चार्जर पेटून घरातले कपाट जळाले, तर कपाटाचे नुकसान यात धरले जाते. चार्जरची किंमत परत मिळवण्यासाठी मात्र सदोष वस्तूची नेहमीची तक्रार असते.

कायदा ग्राहकालाही त्याची जबाबदारी सांगतो. वस्तूचा गैरवापर केला, तिच्यात स्वतः फेरफार केला किंवा दिलेली स्पष्ट सूचना पाळली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर दावा टिकत नाही. कुकरच्या शिट्टीवर जड वस्तू ठेवून कंपनीला दोष देता येणार नाही. तसेच पुन्हा विकण्यासाठी किंवा मोठ्या व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूंना हा कायदा लागू होत नाही. पण एखादी बाई स्वतःचे पोट भरण्यासाठी शिलाई मशीन घेऊन घरी कपडे शिवत असेल, तर तिला कायद्याने ग्राहकच मानले आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हक्क कायद्याच्या पुस्तकात असला, तरी तो पुराव्यावर उभा राहतो. म्हणून इजा झाल्यावर पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. आधी माणसाकडे पाहावे. जखमीला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. इजा कशामुळे झाली, हे डॉक्टरांना सांगून कागदावर लिहून घ्यावे. औषधांची बिले जपून ठेवावीत.

२. फुटलेली वस्तू फेकू नये, दुरुस्त करू नये आणि दुकानदाराला पोच घेतल्याशिवाय परत देऊ नये. तिचे तुकडे, खोका आणि सूचनापत्रक एका पिशवीत भरून ठेवावे. फोटो काढावेत. हीच वस्तू पुढे प्रयोगशाळेत साक्ष देते.

३. पावती शोधावी. "पावती हवी असेल तर जादा पैसे पडतील," असे काही दुकानदार म्हणतात. पण ग्राहकाला पावती न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती नसेल, तर शिक्का मारलेले हमीपत्र किंवा मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद उपयोगी पडते.

४. दुकानदार आणि कंपनी यांना लेखी कळवावे आणि पत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी. गॅस सिलिंडरचा अपघात असेल, तर वितरकाला लगेच लेखी सांगावे, कारण तेल कंपन्यांनी अशा अपघातांसाठी विमा उतरवलेला असतो. मोठी आग लागली किंवा कोणी दगावले, तर पोलिसांचा पंचनामा आवश्यक असतो.

५. काय करावे हे कळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची सोय नव्या कायद्याने केली आहे. त्यामुळे कंपनी दिल्लीची असो वा चेन्नईची, दौंडच्या ग्राहकाला तिच्या गावी जावे लागत नाही. आपला जिल्हा आयोग पुण्यात आहे, म्हणजे रेल्वेने सुमारे पाऊणशे किलोमीटर. तक्रार इंटरनेटवरूनही दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो.

मुदत मात्र विसरू नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दोष नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल, तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागल्यास पाच महिन्यांची अपेक्षा सांगितली आहे. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो, तारखा पडतात. म्हणून चिकाटी हवी. निकाल मान्य नसेल, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

इजा होण्याआधीच सदोष वस्तू बाजारातून काढून घेता आली, तर किती चांगले! त्यासाठी २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे २०२१ पासून सक्तीचे आहे. तरीही असे चिन्ह नसलेले कुकर एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या संकेतस्थळावरून विकले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने त्या कंपनीला १ लाख रुपये दंड केला. विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरांच्या ग्राहकांना कळवून ते परत घ्यावेत आणि पैसे परत करावेत, असा आदेशही दिला. कंपनी या आदेशाविरुद्ध न्यायालयात गेली. पण चिन्ह नसलेला कुकर म्हणजे किरकोळ बाब नव्हे, हे सर्वांना कळले. तुम्हीही खरेदी करताना आधी चिन्ह पाहा. चिन्हाजवळ परवाना क्रमांक छापलेला असतो. तो खरा आहे की नाही, हे भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर तपासता येते.

भाजलेला हात भरपाईने पूर्वीसारखा होत नाही. गेलेला माणूस तर कोणत्याही रकमेने परत येत नाही. मग दावा कशासाठी करायचा? एक तर उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार घरावर एकट्यावर पडू नये म्हणून. आणि दुसरे म्हणजे, हयगय महाग पडते हे उत्पादकाला कळावे म्हणून. एकाने तक्रार केली, तर तीच वस्तू घेणारी अनेक अनोळखी कुटुंबे वाचू शकतात.

मित्रांनो, दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला फ्रीज आणि धुलाईयंत्रे तयार होतात. उद्या तुमच्यापैकी कोणी अशाच एखाद्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभे असेल. समोरून वस्तू भराभर पुढे सरकत असतील. त्या वेळी ती वस्तू ज्या घरी जाणार आहे, तिथल्या माणसांना तुम्ही ओळखत नसाल. तरीही ते तुमचे शेजारी आहेत, हे लक्षात ठेवा आणि मगच वस्तूवर 'तपासले' असा शिक्का मारा.

शब्दार्थ

सदोष – दोष असलेला, ऐबदार
हयगय – निष्काळजीपणा, गफलत
भरपाई – नुकसानीबद्दल मिळणारी रक्कम, मुआवजा
उत्पादक – वस्तू बनवणारा
मूत्रपिंड – गुर्दा
पंचनामा – घटनेच्या जागी पंचांसमोर लिहिलेली नोंद
पोच – वस्तू किंवा पत्र मिळाल्याची लेखी कबुली
दाद मिळणे – तक्रार ऐकून घेतली जाणे, न्याय मिळणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राष्ट्रीय ग्राहक दिन कोणत्या दिवशी पाळतात?
(आ) जे. जे. रुग्णालयातील औषधात कोणते विषारी रसायन होते?
(इ) ग्राहक तक्रारीची मुदत किती असते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) वस्तूतील दोषांचे तीन प्रकार तुमच्या घरातील उदाहरणे देऊन सांगा.
(आ) पेय विकत न घेताही त्या बाईला दावा का करता आला?
(इ) फुटलेली वस्तू भंगारात का देऊ नये?

३. 'धीर धरणे वेगळे आणि हक्क सोडून देणे वेगळे.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. पाठातील उर्दूतही असलेले दहा शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : घरातील पाच वस्तूंवरील आयएसआय चिन्ह, बॅच क्रमांक आणि सूचना पाहून त्यांचा तक्ता तयार करा.